मेगावॅटच्या हिशेबातली माणसे

मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून शेतकऱ्यांचा मोर्चा पायी मुंबईकडे निघाला. त्याआधी पाच वर्षे, मार्च 2018 मध्ये, नाशिकहून निघालेला असाच मोर्चा सुमारे 180 किलोमीटर चालून आझाद मैदानावर पोचला होता. या खेपेस मोर्चाचा मुक्काम वाशिंदला पडला आणि तिथेच बोलणी झाली. चर्चा झाली ती कांद्याच्या भावाची आणि वनहक्काच्या जमिनींची. मोर्चाच्या निवेदनात शेतीला सलग बारा तास वीज द्या, अशीही एक मागणी होती. तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. मला मात्र या पुस्तकाचा विषय त्या एका ओळीपाशी सुरू होतो असे वाटते. सौरऊर्जा, पवनऊर्जा, हरित रोजगार हे शब्द परिसंवादांतून आणि जाहिरातींतून आपल्यापर्यंत आले. पण नाशिक जिल्ह्यात विजेचे राजकारण रस्त्यावर आणले ते मोटारीला रात्री लाईट येते म्हणून कंटाळलेल्या माणसांनी.

शेतीची लाईट म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवे. गावात घरांना सिंगल फेज दिवसभर असते, पण विहिरीवरच्या मोटारीला थ्री फेज लागते, आणि ती वर्षानुवर्षे पाळीने मिळत आली आहे: काही दिवस दिवसा आठ तास, उरलेले दिवस रात्री दहा तास. माझे आजोळ निफाड तालुक्यातले. रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात मामा अकरा वाजता बॅटरी आणि काठी घेऊन मळ्यात जायचा आणि मामी तो परत येईपर्यंत जागी असायची. फेज गेला की स्टार्टर पडायचा, डीपी जळाली की चार-चार दिवस पाणी बंद. सापाची भीती पूर्वीपासून होतीच. उसाच्या आडोशाने बिबट्या वाढला तशी निफाड, सिन्नर, दिंडोरीत रात्रीचे दारे धरणे ही जिवावरची गोष्ट झाली. द्राक्षबागेला ठिबक आले, ऑटो स्विच आला, तरी कांद्याला आणि गव्हाला पाणी भरायला माणूस लागतोच, आणि तो माणूस अंधारात उभा असतो.

या प्रश्नाला राज्य सरकारने दिलेले उत्तर म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. ती 2017 मध्ये सुरू झाली, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि उद्दिष्ट वाढत वाढत 16,000 मेगावॅटवर गेले. कल्पना सोपी आहे. शेतीचे फीडर गावठाणापासून वेगळे करायचे, महावितरणच्या उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्या फीडरवरच्या सगळ्या मोटारींना सूर्य असेल तेव्हा, म्हणजे दिवसा, वीज द्यायची. शेतकऱ्याने काहीच बदलायचे नाही. तीच मोटार, तीच केबल. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जागटाने शेतीचे फीडर सौरवर नेण्याची ही बाजू आकडेवारीनिशी आणि चिकाटीने मांडली. लोकांच्या बाजूने विचार करणाऱ्या अभ्यासकांचे म्हणणे सरकारी धोरणात उतरते, असे प्रसंग आपल्याकडे कमी. हा त्यांपैकी एक, म्हणून त्याची नोंद करतो.

या योजनेला सत्तेतल्या आणि विरोधातल्या पक्षांचा एवढा पाठिंबा का मिळाला, हे नीट समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रातल्या वीज राजकारणाने गेल्या तीस वर्षांत दोन मोठे चटके खाल्ले आहेत. पहिला एन्रॉनचा. दाभोळचा प्रकल्प 1995 साली रद्द झाला, पुन्हा करार करून परत आला आणि 2001 मध्ये बंद पडला. महागड्या विजेचा करार राज्याच्या मानेवर किती काळ बसू शकतो हे तेव्हा कळले. दुसरा चटका मोफत विजेचा. 2004 च्या विधानसभा निवडणुकीआधी शेतीची वीज मोफत झाली आणि निवडणुकीनंतर, 2005 मध्ये, ती सवलत मागे घेतली गेली, कारण तिजोरीला ती झेपेना. त्यानंतर भारनियमनाची वर्षे आली. 2024 मध्ये मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल पुन्हा माफ केले. पण या वेळी एक गोष्ट वेगळी आहे. सौर वाहिनीची वीज युनिटला सुमारे 3 रुपयांनी मिळते. कोळशाची वीज विकत घेऊन, ती तारांवरून गावापर्यंत आणून शेतीला देण्याचा खर्च याच्या कितीतरी पुढे जातो. आजवर हा तोटा दोन वाटांनी भरून निघत असे: सरकारी अनुदान आणि कारखान्यांच्या बिलातला वाढीव दर. सातपूर-अंबडचे उद्योजक ज्या दराबद्दल वर्षानुवर्षे तक्रार करत आले, त्यात निफाडच्या मोटारीचा वाटा होता. सूर्याने हा गुंता सोडवण्याची शक्यता निर्माण केली. मोफत विजेचे आश्वासन परवडण्याजोगे करण्याचा दुसरा कोणताही मार्ग दिसत नाही, म्हणून हा पाठिंबा टिकेल असे माझे मत आहे. नेत्यांच्या पर्यावरणप्रेमावर तो उभा नाही. हिशेब जुळतो म्हणून उभा आहे, आणि तसाच पाठिंबा अधिक भरवशाचा असतो.

या हिशेबात ऊर्जा आहे, दर आहे, अनुदान आहे, मत आहे. काम करणारा माणूस त्यात कुठे आहे, हा प्रश्न या पुस्तकाचा गाभा आहे.

एखादा सौर प्रकल्प उभा राहताना पाहा. सुरुवातीचे काही महिने साइटवर गजबज असते. खड्डे घेणारे, लोखंडी सांगाडे उभे करणारे, प्लेटा चढवणारे, केबल ओढणारे, वेल्डर, क्रेनवाला, कुंपणाचा ठेकेदार. मग प्रकल्प सुरू होतो आणि बहुतेक सगळे निघून जातात. मागे राहतात वॉचमन, प्लेटा धुणारे, गवत काढणारे आणि अधूनमधून येणारा तंत्रज्ञ. काउन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्न्मेंट अँड वॉटर आणि एनआरडीसी यांनी भारतातल्या प्रकल्पांचा अभ्यास करून काढलेला एक आकडा नेहमी डोळ्यांसमोर ठेवावा असा आहे. घरांच्या आणि इमारतींच्या छपरांवर 1 मेगावॅट सौर बसवताना जवळपास 25 मनुष्य-वर्षांचे काम निर्माण होते. तेवढीच क्षमता मोठ्या जमिनीवरच्या प्रकल्पात उभी केली तर ते साडेतीन मनुष्य-वर्षांच्या आसपास राहते, आणि पवनऊर्जेत त्याहूनही कमी. म्हणजे सौरऊर्जा आणायची की नाही, एवढा निर्णय घेऊन भागत नाही. ती छपरावर आणायची, उपकेंद्राशेजारी आणायची की हजार एकरांच्या पट्ट्यावर आणायची, हा रोजगाराचाच निर्णय असतो. विधिमंडळाच्या अधिवेशनांच्या बातम्या मी नियमित वाचतो. मेगावॅटवर बोलणारे पुष्कळ भेटले. किती हातांना, किती वर्षे आणि काय मजुरीने काम मिळाले, यावरची चर्चा फारच थोडी.

नाशिकने तरी हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण या शहराला काम दिले ते राजकीय निर्णयांनी. बाजारहाट, देवस्थान आणि शेती यांवर जगणाऱ्या गावात 1925 साली इंडिया सिक्युरिटी प्रेस आला आणि ‘प्रेसमध्ये नोकरी’ हा नाशिकरोडच्या घराघरांतला आधार झाला. 1962 च्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि 1963 मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. पुढच्या वर्षी ओझरला मिग विमानांच्या कारखान्याची पायाभरणी झाली. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती राज्य सरकारने वसवल्या. गंगापूर धरण सरकारी, मेरीसारखी संशोधन संस्था सरकारी, एकलहऱ्याचे थर्मल सरकारी. या प्रत्येक ठिकाणी वसाहत उभी राहिली, शाळा आली, प्रॉव्हिडंट फंड आला, युनियन आली, आणि कामगाराचा मुलगा इंजिनिअर झाला. सरकार मनात आणते तेव्हा जिल्ह्याचा पोत बदलू शकते, हे इथल्या तीन पिढ्यांनी पाहिले आहे. म्हणून हरित रोजगार आपोआप येतील, बाजार ते आणेल, असे कुणी सांगितले की नाशिककराला ते पटकन पटत नाही. पटू नयेच.

एकलहऱ्यावर थोडे थांबतो. नाशिकरोडच्या गच्चीवरून पूर्वेला पाहिले की ज्या चिमण्या दिसतात, त्यांच्या सावलीत आमचे लहानपण गेले. 1970 च्या सुमारास 140 मेगावॅटच्या संचाने इथली निर्मिती सुरू झाली. पुढे दशकभरात 210 मेगावॅटचे तीन संच आले. जुने 140 मेगावॅटचे दोन्ही संच निवृत्त झाले. उरली 630 मेगावॅट. विदर्भातून रेल्वेने कोळसा यायचा, गोदावरीचे पाणी लागायचे, आणि राख वाऱ्याबरोबर वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरायची. आई कपडे झटकून पुन्हा धुवायची आणि वडील म्हणायचे, याच राखेवर शेजारच्या चार घरांत चूल पेटते. दोघांचेही खरे होते. कायम कामगारांच्या मागे कंत्राटी कामगार, त्यांच्या मागे कोळसा उतरवणारे, राख वाहणारे ट्रकवाले, राखेच्या विटांचे कारखाने, चहाच्या टपऱ्या, भाड्याच्या खोल्या अशी सगळी साखळी थर्मलवर जगते.

जुन्या संचांच्या जागी 660 मेगावॅटचा नवा संच द्या, ही मागणी इथे गेली कित्येक वर्षे चालू आहे. तिच्या पाठीशी सगळ्या पक्षांचे नेते उभे राहिले. बाहेरच्या पर्यावरणवाद्याला ही मागणी प्रतिगामी वाटेल. मला ती तशी वाटत नाही. या माणसांना कोळशाचे प्रेम नाही. कोळशानंतर आपल्या ताटात काय पडणार, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. सूर्य मावळल्यावर काय करणार, असे ते विचारतात, आणि तो प्रश्नही बिनबुडाचा नाही. 2025 मध्ये देशाची निम्मी स्थापित क्षमता जीवाश्म इंधनाबाहेरची झाली, ही मोठी मजल आहे. पॅरिस करारांतर्गत भारताने त्यासाठी 2030 ची मुदत सांगितली होती. पण प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही 70 टक्क्यांहून अधिक आहे, आणि संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत तर तोच घर उजळतो. यावर उत्तरे आहेत. बॅटरी साठवण आहे. घाटघरसारखे उदंचन प्रकल्प आहेत. 250 मेगावॅटचा हा प्रकल्प सह्याद्रीच्या कड्याचा उतार वापरतो, स्वस्त विजेने पाणी वर चढवतो आणि मागणीच्या वेळी ते खाली सोडून वीज देतो. एकलहऱ्याला तर तयार रेल्वे आहे, पाणी आहे, जमीन आहे, उच्चदाबाच्या वाहिन्या आहेत आणि टर्बाइन, रिले, ट्रान्सफॉर्मर यांच्याशी आयुष्य घालवलेले कामगार आहेत. साठवण प्रकल्पासाठी याहून चांगली जागा शोधावी लागणार नाही. त्याचा लेखी आराखडा, त्यात कायम आणि कंत्राटी दोन्ही कामगारांच्या पुढच्या नोकरीचा तपशील, आणि त्यामागे पैशाची तरतूद, एवढे समोर ठेवले तर 660 च्या मागणीचा सूर बदलेल अशी माझी खात्री आहे.

याच जिल्ह्यात उलट टोकाचा अनुभवही आहे. सिन्नर तालुक्यात गुळवंच-मुसळगाव परिसरात 270 मेगावॅटचे पाच संच, म्हणजे 1,350 मेगावॅटचा खासगी औष्णिक प्रकल्प उभा राहिला. तो धड चाललाच नाही. वर्षानुवर्षे बंद राहून दिवाळखोरीच्या कारवाईत गेला. जमीन गेली, बँकांचा पैसा अडकला, गावातल्या पोरांना सांगितलेल्या नोकऱ्या आल्या नाहीत. मोठा आकडा आणि मोठा रोजगार यांचे नाते किती नाजूक असते, हे सिन्नरच्या लोकांना कुणी शिकवायला नको.

आता उद्योगाकडे. नाशिक हे स्विचगिअरचे शहर आहे. सर्किट ब्रेकर, रिले, पॅनेल बोर्ड, ट्रान्सफॉर्मर यांचे मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉप इथे आहेत. शिलापूरला केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची चाचणी प्रयोगशाळा आली आहे, त्यामुळे उपकरणे तपासून घेण्यासाठी बंगळूर-भोपाळच्या वाऱ्या वाचणार आहेत. सौर प्रकल्पात प्लेटेखेरीज जे जे लागते, त्यातले बरेच काही नाशिकमध्ये बनू शकते, काही बनतेही. दुसऱ्या बाजूला सातपूरची मायको. डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरवर तिने इथला एक अख्खा मध्यमवर्ग घडवला. विजेवरच्या गाड्या वाढल्या की इंजेक्टरची गरज कमी होणार, हे तंत्राचे साधे सत्य आहे. जे शहर एका हाताने हरित अर्थव्यवस्थेकडून मिळवणार आणि दुसऱ्या हाताने गमावणार, त्या शहरातल्या कामगाराला दोन्ही हातांचा हिशेब एकत्र मांडून दाखवायला हवा. 2015 मध्ये केंद्राने हरित रोजगारांसाठी कौशल्य परिषद स्थापन केली, ‘सूर्यमित्र’ नावाचा सुमारे तीन महिन्यांचा निवासी अभ्यासक्रमही सुरू झाला. शिकवणे सुरू झाले हे चांगलेच. पण शिकलेल्या मुलाला कायम काम देण्याची जबाबदारी कुणावरच टाकलेली नाही, आणि आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आजही ठेकेदाराच्या हजेरीवर जगतो.

इथे मला वि. स. पागे आठवतात. तासगाव तालुक्यात 1965 मध्ये त्यांनी काम मागेल त्याला काम या कल्पनेचा प्रयोग सुरू केला. 1972 च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली आणि लाखो माणसे पाझर तलावांवर, रस्त्यांवर, बंडिंगवर राबून जगली. दुष्काळ सरला की अशी योजना गुंडाळली जाते, हा सर्वत्रचा रिवाज. महाराष्ट्राने तो मोडला. 1975 मध्ये व्यवसाय कर लावला, शहरातल्या पगारदाराच्या खिशातून दरमहा काही रुपये ग्रामीण मजुराच्या कामासाठी वळवले, आणि 1977 मध्ये सर्व पक्षांच्या संमतीने रोजगार हमीचा कायदा केला. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. 2005 मध्ये देशाने जो कायदा केला त्याची मुळे इथली. हमीच्या कामांत गैरव्यवहार झाले, मस्टरवर खोटी नावे आली, कामे निकृष्ट झाली, हे सगळे मान्य करूनही मी म्हणेन की राजकीय पाठिंबा या शब्दांचा अर्थ मराठी माणसाने त्या कायद्यात एकदा लिहून ठेवला आहे. पैसा कुठून येणार ते ठरलेले, हक्क कुणाचा ते ठरलेले, आणि हक्क नाकारला तर काय, तेही ठरलेले. हरित रोजगारांच्या घोषणांना या तीन कसोट्या लावून पाहाव्यात. सौर वाहिनी योजनेत जमीनमालकाचा हक्क ठरला आहे: हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये भाडे आणि त्यात दरसाल वाढ. ग्रामपंचायतीचाही ठरला आहे: वर्षाला 5 लाख याप्रमाणे तीन वर्षे. ज्याला जमीन नाही आणि पदही नाही, त्याचा हक्क कोणत्या कलमात आहे? गावातल्या प्रकल्पावर गावातल्या माणसाला काम, किमान वेतनाहून कमी नाही, आणि पंचवीस वर्षांच्या करारात देखभालीच्या नोकऱ्या स्थानिकांना, एवढे तीन मुद्दे निविदेत घातले तर विजेचा दर फार तर काही पैशांनी वाढेल.

जमिनीचा विषय याहून खोल आहे. सरकारी जमिनीवर सौर प्रकल्प उभा करणे सोपे, म्हणून गावोगावच्या गायरानांकडे नजर वळते. कागदावर ती पडीक असतात. प्रत्यक्षात तिथे धनगराची मेंढरे चरतात, भूमिहीन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या चार पांड जमीन कसतात. कर्मवीर दादासाहेब गायकवाड याच जिल्ह्यातले, दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे. पडीक जमीन भूमिहीनांना द्या म्हणून त्यांनी 1959 मध्ये आणि पुन्हा 1964 मध्ये सत्याग्रह केले, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्यांच्या जिल्ह्यात गायरानावर कुंपण पडताना ग्रामसभेचा ठराव नीट वाचून, चरणाऱ्या-कसणाऱ्यांना विचारून ते पडावे, एवढी अपेक्षा फार नाही. स्वच्छ वीज आपोआप न्याय्य होत नाही. मुंबईच्या गिरण्यांना धूर न सोडणारी जलवीज मिळावी म्हणून मुळशीचे धरण बांधले जात होते, आणि 1921 मध्ये सेनापती बापट मावळ्यांसोबत त्याविरुद्ध उभे राहिले. पुढे साक्रीच्या डोंगरांवर पवनचक्क्या आल्या तेव्हा आदिवासींनी वनजमिनीचा हाच प्रश्न विचारला.

शेतकऱ्याच्या वैयक्तिक सौरपंपाबद्दलही एक सांगतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के भरायचे आणि बाकी अनुदान. दिवसा पाणी मिळते, बिल येत नाही, लोक खूश आहेत. चांदवड, देवळा, सटाण्याच्या खोल बोअरवर मात्र हा पंप ढगाळ दिवशी धापा टाकतो. बिघडला तर दुरुस्तीला कोण येणार, हा दुसरा प्रश्न. आमच्या भावकीतल्या एकाचा पंप ऐन उन्हाळ कांद्याच्या दिवसांत सहा आठवडे बंद होता. कंपनीचा फोन लागत होता, माणूस येत नव्हता. प्रत्येक मोठ्या गावात सरकारमान्य सौर मिस्त्री बसवला, त्याला सुट्या भागांचा साठा आणि ठरलेला मेहनताना दिला, तर शेतकऱ्याचा पंप चालेल आणि पोरगाही गावात राहील. विजेचा वायरमन जसा गावाला ठाऊक असतो तसा. आणखी एक धोका पाण्याचा. फुकटची दिवसाची वीज आणि कोरडी विहीर यांची गाठ फार लवकर पडते. पाणलोटाचे काम आणि सौरपंप या दोन खात्यांच्या फायली एका टेबलावर आल्याशिवाय ती टळणार नाही.

घरांच्या छपरांसाठी फेब्रुवारी 2024 पासून पंतप्रधान सूर्यघर योजना आहे: 1 कोटी घरांचे लक्ष्य, 3 किलोवॅटला 78 हजारांचे अनुदान. वर सांगितलेला पंचवीस मनुष्य-वर्षांचा आकडा इथे लागू होतो. सिडको, इंदिरानगर, पंचवटीतली छपरे आणि 2027 च्या सिंहस्थासाठी उभ्या राहणाऱ्या इमारती एवढ्यांवर जरी प्लेटा चढल्या तरी शहरातल्या आयटीआयच्या मुलांना काही वर्षे पुरेल एवढे काम निघेल.

बाहेरच्या जगाने या बाबतीत दोन धडे दिले आहेत. जर्मनीने 2020 मध्ये कोळसा 2038 पर्यंत सोडण्याचा कायदा केला आणि त्याच वेळी कोळशाच्या प्रदेशांसाठी 40 अब्ज युरोपर्यंतची तरतूद केली. कामगार संघटना त्या वाटाघाटींत बसलेल्या होत्या. अमेरिकेने 2022 मध्ये स्वच्छ ऊर्जेसाठी अवाढव्य करसवलती दिल्या आणि सत्ता बदलताच, जुलै 2025 मध्ये, त्यांतल्या अनेक कापून टाकल्या. कारखाने उभे राहत असताना हे घडले. एका पक्षाच्या बहुमतावर उभा असलेला पाठिंबा किती वर्षे टिकतो, याचे उत्तर तिथे मिळाले: तीन.

पुढची प्रकरणे मोटारीवरच्या शेतकऱ्याची, थर्मलमधल्या कामगाराची, सातपूरच्या वर्कशॉपची, मालेगावच्या यंत्रमागाची, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांची बाजू मांडतात. वाचक सगळ्यांशी सहमत होणार नाही, आणि लेखकही एकमेकांशी सहमत नाहीत. संपादनात ते मतभेद तसेच ठेवले आहेत.

वाचकांना माझी एकच विनंती आहे. तुमच्या गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी सौर प्रकल्प उभा राहिला असेल किंवा राहणार असेल, तर पुढच्या ग्रामसभेत उठून तीन गोष्टी विचारा आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या: ग्रामपंचायतीला मिळालेले 5 लाख कुठे खर्च झाले, प्रकल्पावर गावातली किती माणसे कामाला आहेत, आणि त्यांना महिन्याला हातात किती पगार पडतो.